रिसेप्टर दुप्पट केला तर जनुकही दुप्पट चालेल का?

प्रश्न असा आहे. एकाच ऊतीतून आलेल्या दोन सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींचे दोन वाण, आहेत. दोन्हींना डेक्सामेथासोन या कृत्रिम स्टेरॉइड हार्मोनचा डोस तोच, १०० नॅनोमोलर (हे अगदी सूक्ष्म तीव्रतेचं एकक), आणि वेळही तोच. एकीत लक्ष्य जनुकाचा एमआरएनए (जनुकाची कामाची नक्कल) वीसपट चढतो, दुसरीत कसाबसा दुप्पट. प्रथिनं मोजणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर दुसरीत ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, म्हणजे हे हार्मोन धरून जनुक चालवणारं प्रथिन, कमी दिसतो. मग तो बाहेरून वाढवला, तर जनुकाचा प्रतिसादही तितक्याच पटीनं वाढेल का?

काही जनुकांचा वाढेल, आणि बऱ्यापैकी सरळ प्रमाणात वाढेल. काहींच्या बाबतीत आधी फारसं काही होणार नाही आणि मग एकदम उसळी येईल. काही जनुकं ढिम्म राहतील. आणि रिसेप्टर फारच वाढवलात, तर प्रतिसाद उलट खाली येईल. स्टेरॉइड रिसेप्टरांवर काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि या चारही गोष्टी मी एकाच जातीच्या पेशींमध्ये पाहिल्या आहेत. म्हणून ‘रिसेप्टर किती?’ हा प्रश्न ‘कोणत्या जनुकासाठी?’ हे विचारल्याशिवाय अर्धाच राहतो, असं माझं ठाम मत आहे.

आधी एक शक्यता बाजूला सारू. डेक्सामेथासोन या रिसेप्टरला अर्ध्यावर भरतं ते साधारण ५ नॅनोमोलरला. १०० नॅनोमोलरला सुमारे ९५ टक्के रिसेप्टर भरलेले असतात, आणि हे दोन्ही सेल लाइनना सारखंच लागू आहे. हार्मोन दोन्हीकडे पुरेसं आहे. फरक पडतोय तो हार्मोन घेणाऱ्यांच्या संख्येत, किंवा त्यांच्यानंतरच्या कुठल्यातरी टप्प्यात.

संख्येचं महत्त्व पहिल्यांदा समोर आलं ते १९५० च्या दशकाच्या शेवटी. शिकागो विद्यापीठात एलवुड जेन्सन यांनी ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन अपरिपक्व उंदीर-माद्यांना टोचलं आणि ते शरीरात कुठे जातं, कुठे टिकतं, हे मोजलं. ते पोचलं सगळीकडे. पण रक्त, यकृत, मूत्रपिंड यांतून लवकर ओसरलं आणि गर्भाशयात मात्र टिकून राहिलं. तेही रासायनिक बदल न होता. हार्मोनला धरून ठेवणारं काहीतरी गर्भाशयाच्या पेशीत भरपूर आहे आणि इतरत्र फार थोडं आहे, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. ज्याला पाठ्यपुस्तकात ‘ग्राही’ म्हणतात आणि प्रयोगशाळेत आपण सगळे रिसेप्टर म्हणतो, त्याची ओळख अशी त्याच्या साठ्यावरूनच झाली.

हा साठा केवढा असतो? लक्ष्य पेशीत सर्वसाधारणपणे दहा हजारांच्या आसपास ते लाखभर रेणू. केंद्रकाचा व्यास १० मायक्रॉन धरला, तर १०,००० रेणू म्हणजे केंद्रकात जवळपास ३० नॅनोमोलर. रक्तात मोकळं फिरणारं इस्ट्राडायोल याच्या पासंगालाही पुरत नाही. हा आकडा मी विद्यार्थ्यांना मुद्दाम स्वतः काढायला लावतो, कारण ‘हार्मोन पुष्कळ आणि रिसेप्टर मोजके’ असं जे चित्र मनात बसलेलं असतं ते त्यानं हलतं.

आता साधं गणित. रिसेप्टरची हार्मोनसाठीची ओढ अशी आहे की १ नॅनोमोलरला निम्मे भरतात, असं समजा. पेशीत १०,००० रिसेप्टर असतील तर १ नॅनोमोलरला ५,००० भरलेले मिळतील. दुसऱ्या पेशीत ४०,००० असतील, तर तेवढेच ५,००० भरायला हार्मोन ०.१४ नॅनोमोलर पुरेल, म्हणजे सातपट कमी. रिसेप्टरचा स्वभाव बदललेला नाही, हार्मोनशी जुळण्याची ओढ बदललेली नाही. तरीही ती पेशी सातपट ‘संवेदनशील’ दिसेल. डोस-प्रतिसादाचा आलेख डावीकडे सरकला की अनेक जण रिसेप्टरमध्ये उत्परिवर्तन शोधू लागतात. त्याआधी रिसेप्टर मोजावा.

औषधशास्त्र शिकलेले इथे ‘राखीव रिसेप्टर’चा मुद्दा काढतात: पेशीच्या पृष्ठभागावरच्या कित्येक रिसेप्टरांपैकी थोडे भरले तरी पूर्ण प्रतिसाद मिळतो, बाकीचे जादा असतात. स्टेरॉइड रिसेप्टरांच्या बाबतीत हे गृहीत धरू नका. पृष्ठभागावरचा रिसेप्टर आत संदेश पाठवतो आणि तो संदेश पायरीपायरीनं मोठा होत जातो. स्टेरॉइड रिसेप्टर स्वतःच डीएनएवर जाऊन बसतो. मध्ये आवाज वाढवणारं कुणी नाही. कीथ यामामोटो यांच्या गटानं १९८७ मध्ये नेमकं हेच दाखवलं, की पेशीतला ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर जसा वाढतो तशी त्यावर चालणाऱ्या एन्हान्सरची, म्हणजे जनुकाला जोर देणाऱ्या डीएनएच्या तुकड्याची, ताकद वाढत जाते. मर्यादा घालणारा घटक रिसेप्टरच होता.

इथवर वाचून ‘म्हणजे सरळ प्रमाण’ असं वाटेल. ते तसं नाही, हे सांगणारा माझा सगळ्यात आवडता प्रयोग कोंबडीच्या पिल्लांच्या अंडवाहिनीवरचा आहे. पिल्लाला आधी इस्ट्रोजेन देऊन अंडवाहिनी वाढवायची, मग हार्मोन थांबवायचं, आणि काही दिवसांनी पुन्हा द्यायचं. त्या ऊतीच्या त्याच पेशी इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून अंड्याच्या पांढऱ्यातली दोन प्रथिनं बनवतात: ओव्हल्ब्युमिन आणि कोनॅल्ब्युमिन. पेशी एकच, रिसेप्टर एकच, हार्मोन एकच. १९७७ मध्ये मल्विहिल आणि पामिटर यांनी केंद्रकातले इस्ट्रोजेन रिसेप्टर मोजले आणि त्यांच्यासमोर दोन्ही एमआरएनए मांडले. कोनॅल्ब्युमिनचा आलेख सरळ रेषेत आला, जितके रिसेप्टर तितका एमआरएनए. ओव्हल्ब्युमिनचा मात्र वाकडा: सुरुवातीला जवळजवळ सपाट, आणि रिसेप्टरची संख्या एका पातळीवर गेली की झपाट्यानं वर. वेळेतही असाच फरक. कोनॅल्ब्युमिन फारसा वेळ न घेता सुरू होतं, ओव्हल्ब्युमिन काही तास वाट पाहायला लावतं.

जनुकं क्लोन व्हायच्या उंबरठ्यावरचा हा काळ. कुणी एन्हान्सर पाहिलेला नव्हता, रिसेप्टरचा क्रम माहीत नव्हता. तरी एवढ्यावरून कळून चुकलं, की रिसेप्टरची तीच संख्या दोन जनुकं दोन तऱ्हांनी वाचतात. तेव्हापासून आपण या वाचण्यामागची कारणं शोधत आलो आहोत.

पहिलं कारण जोडीचं. रिसेप्टर डीएनएवर बहुधा जोडीनं बसतो. त्याची जागा म्हणजे सहा-सहा अक्षरांचे दोन तुकडे, एकमेकांच्या उलट दिशेनं, मध्ये तीन अक्षरांचं अंतर. जोडी जमायला दोघे एकत्र यावे लागतात, त्यामुळे रिसेप्टर कमी असताना जोड्यांची संख्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: रिसेप्टर दुप्पट, तर जोड्या चौपट. एखाद्या जनुकाजवळ अशा दोन-तीन जागा असतील आणि तिथल्या जोड्या एकमेकींना टिकवून धरत असतील, तर वाक आणखी तीव्र होतो. उलट एखादी एकटी पण उत्तम जुळणारी जागा थोड्याशा रिसेप्टरवरही भरते, आणि एकदा भरली की रिसेप्टर वाढवून तिला काही फरक पडत नाही.

‘भरते’ हा शब्द मी वापरला खरा, पण त्यानं चित्र चुकीचं उभं राहू नये. २००० साली हेगर यांच्या गटानं चकाकणारा ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर जिवंत पेशीत पाहिला तेव्हा दिसलं, की तो डीएनएवर घट्ट चिकटून बसत नाही. काही सेकंदांत सुटतो आणि दुसरा येतो. जागा भरलेली असणं म्हणजे तिथे वारंवार कुणीतरी येऊन जाणं. रिसेप्टरची संख्या ठरवते ती ही येजा किती दाट आहे ते. जनुकही सलग चालत नाही. थोडा वेळ भराभर नक्कल काढतं, मग थांबतं. येजा दाट झाली की हे झपाटे जास्त वेळा येतात.

याचा एक परिणाम प्रयोग करणाऱ्यानं कायम डोक्यात ठेवावा. १९९० मध्ये मिनोरू को आणि सहकाऱ्यांनी ग्लुकोकॉर्टिकॉइडवर चालणारा रिपोर्टर (काम चालू झालं की डोळ्यांना दिसेल असं जनुक) पेशी-पेशी वेगळी करून पाहिला. डोस वाढवला की सगळ्या पेशी थोड्या थोड्या उजळत गेल्या, असं झालं नाही. उजळलेल्या पेशींची संख्या वाढत गेली. म्हणजे तुमच्या नळीतली ‘दुप्पट’ वाढ ही प्रत्येक पेशीतली दुप्पट असेलच असं नाही. दर शंभरांतल्या थोड्याच पेशी जोरात चालू आणि बाकीच्या गप्प, असंही असू शकतं. एकाच सेल लाइनमध्येही रिसेप्टरचं प्रमाण पेशीगणिक वेगळं असतं, आणि वेस्टर्न ब्लॉट या सगळ्याची सरासरी दाखवतो.

दुसरं कारण क्रोमॅटिनचं, म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएचं, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नात हेच कळीचं ठरण्याची शक्यता मोठी आहे. रिसेप्टरला बसायला जागा उघडी हवी. २०११ मध्ये हेगर यांच्याच प्रयोगशाळेतून आलेल्या मोजमापात, ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर जिथे जिथे बसला त्यातल्या सुमारे ९५ टक्के जागा हार्मोन देण्याआधीपासूनच उघड्या होत्या. दोन वेगळ्या पेशींमध्ये उघड्या जागा वेगळ्या, म्हणून बसण्याच्या जागाही वेगळ्या. स्तनाच्या पेशीत इस्ट्रोजेन रिसेप्टरसाठी ही वाट एफओएक्सए१ सारखी प्रथिनं आधी मोकळी करून ठेवतात. तुमच्या दुसऱ्या सेल लाइनमध्ये त्या जनुकाचा एन्हान्सर बंद असेल, तर रिसेप्टर दहापट करूनही हाती काही लागणार नाही. बंद दारासमोर गर्दी वाढेल, एवढंच.

रिसेप्टर थोडासाच भरला तरी चालणारी जनुकंही आहेत. फुफ्फुसाच्या ए५४९ पेशींमध्ये डेक्सामेथासोनचे चढते डोस देऊन रेड्डी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की बहुतेक जनुकं जिथे जागची हलतही नाहीत अशा अल्प डोसलाही पीरियड-१ हे जनुक, जे पेशीच्या दैनंदिन घड्याळाचा भाग आहे, प्रतिसाद देतं. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

आता खाली येणाऱ्या प्रतिसादाबद्दल. काम सुरू केलं त्या काळात मी ट्रान्सफेक्शनमध्ये (पेशीत बाहेरून डीएनए घालण्याच्या प्रयोगात) रिसेप्टरचा प्लाझ्मिड, म्हणजे त्याचं जनुक वाहणारं डीएनएचं वर्तुळ, वाढवत नेला. जनुकाचं काम उजेडानं दाखवणारं ल्युसिफरेज आधी चढलं, मग सपाट झालं आणि पुढे निम्म्यावर आलं. पेशी मरताहेत असं समजून दोन महिने मी पेशींचीच तब्येत तपासत राहिलो. पेशी ठणठणीत होत्या. रिसेप्टर एकटा जनुक चालू करत नाही; त्याला एसआरसी-१, सीबीपी, मीडिएटर अशी सहायक प्रथिनं लागतात आणि त्यांचा साठाही मोजका असतो. रिसेप्टर बेसुमार झाला की जागा न मिळालेले रिसेप्टर या सहायकांना डीएनएपासून दूरच अडकवून ठेवतात. शांबों यांच्या प्रयोगशाळेनं १९८९ मध्येच हे दाखवलं होतं: इस्ट्रोजेन रिसेप्टर भरपूर बनवायला लावला की त्याच पेशीत प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरचं काम मंदावतं. म्हणजे एका रिसेप्टरची पातळी दुसऱ्या हार्मोनच्या जनुकांनाही झळ पोचवते. सायटोमेगालोव्हायरसचा प्रमोटर (जनुक जोरात चालवणारा विषाणूच्या डीएनएचा तुकडा) लावून ओतलेल्या रिसेप्टरवरून नैसर्गिक पेशीबद्दल काढलेले निष्कर्ष मी म्हणूनच फार जपून वाचतो.

आणखी एक गुंता आहे. रिसेप्टरची पातळी प्रयोगभर तीच राहत नाही. इस्ट्राडायोल दिलं की इस्ट्रोजेन रिसेप्टर काही तासांत कमी होतो, कारण कामाला लागलेला रिसेप्टर प्रोटिअसोमकडे, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं तोडणाऱ्या यंत्राकडे, मोडीत जातो. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरही बहुतेक पेशींत स्वतःच्या हार्मोननं घटतो. अँड्रोजेन रिसेप्टरचं उलट आहे, हार्मोन मिळालं की तो जास्त टिकतो. मग मोड थांबवली तर रिसेप्टर वाढेल आणि जनुकही जोरात चालेल, असा तर्क साहजिक आहे. २००० मध्ये ओमॅली यांच्या गटानं प्रोटिअसोम बंद करून पाहिलं. इस्ट्रोजेन रिसेप्टर वाढला, पण त्याच्या जनुकांचं काम घटलं. पुढच्याच वर्षी वॉलेस आणि सिडलोव्स्की यांनी हेच ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरवर केलं; तिथे रिसेप्टरही वाढला आणि जनुकाचं कामही वाढलं. एकाच कुळातल्या दोन रिसेप्टरांचं वागणं इतकं वेगळं. इस्ट्रोजेन रिसेप्टरला जुना जाऊन नवा येणं हेच कामाचा भाग दिसतं. पातळी आणि उलाढाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण बहुतेक वेळा फक्त पातळी मोजतो.

हे सगळं फक्त बशीतल्या पेशींपुरतं आहे असं कुणाला वाटू नये. प्रोस्टेट कर्करोगात अँड्रोजेन तोडल्यावर गाठ आधी आक्रसते आणि पुढे पुन्हा वाढू लागते. १९९५ मध्ये विसाकोर्पी आणि सहकाऱ्यांना अशा परतलेल्या गाठींपैकी जवळपास तिसऱ्या हिश्श्यात अँड्रोजेन रिसेप्टरच्या जनुकाच्या जादा प्रती सापडल्या. २००४ मध्ये चार्ल्स सॉयर्स यांच्या गटानं हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या गाठींच्या सात जोड्या ताडून पाहिल्या. सातही जोड्यांत सातत्यानं बदललेलं एकच जनुक निघालं: अँड्रोजेन रिसेप्टर, आणि तेही काही पटींनीच वाढलेलं. तेवढ्या वाढीनं दोन गोष्टी झाल्या. हार्मोनचा उरलासुरला अंश गाठीला पुरू लागला. आणि बायकाल्युटामाइड हे रिसेप्टर अडवणारं औषध काही प्रमाणात रिसेप्टर चालवू लागलं. औषध तेच, रिसेप्टरचा क्रम तोच, फक्त संख्या वाढली आणि अडवणाऱ्याचं काम उलटं झालं. मी पहिल्यांदा ते आलेख पाहिले तेव्हा बराच वेळ त्यांच्यापाशीच थांबलो होतो. माझ्या लेखी या क्षेत्रातला हा सर्वांत महत्त्वाचा निकाल आहे. पुढे रिसेप्टर मुद्दाम वाढवलेल्या पेशींवरच चाचणी घेऊन एन्झाल्युटामाइड हे रिसेप्टर अडवणारं नवं औषध शोधलं गेलं आणि २०१२ मध्ये ते रुग्णांपर्यंत पोचलं.

स्तनाच्या कर्करोगात तर रिसेप्टरच्या पातळीवर रोज उपचार ठरतात. रिसेप्टरच्या चाचणीत गाठीतल्या १ टक्का पेशींची केंद्रकं रंगली तरी अहवाल इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हा २०१० पासूनचा निकष. १ ते १० टक्के असेल तर ‘लो पॉझिटिव्ह’ असं वेगळं नोंदवा, ही २०२० ची भर. सोबत प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरही पाहतात. त्याचं एक कारण असं, की ते जनुक इस्ट्रोजेन रिसेप्टरच चालू करतो. इस्ट्रोजेन रिसेप्टर आहे हे एक डाग सांगतो, तो काम करतोय हे दुसरा.

अख्ख्या शरीरात मात्र एक जादा वळसा येतो. २००० मध्ये ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरच्या जनुकाच्या दोन जादा प्रती असलेले उंदीर तयार केले गेले. त्यांनी एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचं घातक विष जास्त चांगलं पचवलं, रिसेप्टर वाढल्यानं दाह आवरण्याची ताकद वाढली होती. पण त्याच उंदरांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन (उंदरांचं नैसर्गिक ग्लुकोकॉर्टिकॉइड) कमी होतं, कारण मेंदू आणि पिट्युटरीतला वाढलेला रिसेप्टर ‘पुरे झालं’ हा निरोपही जोरात देत होता. बशीत तुम्ही हार्मोनचा डोस स्वतः ठरवता, शरीरात रिसेप्टर तो डोसही बदलतो.

आता तुमच्या दोन सेल लाइन. ट्रान्सफेक्शनला हात घालण्याआधी दोन्हींत हार्मोन काढून टाकलेलं सिरम (पेशींच्या खाद्यात घालतात तो रक्तद्रव) वापरा, नाहीतर सिरममधल्या कॉर्टिसॉलनं रिसेप्टर आधीच घटलेला असेल. रिसेप्टर प्रथिन म्हणून मोजा, एमआरएनएवर भरवसा ठेवू नका. जमलं तर ट्रिटियम लावलेल्या डेक्सामेथासोननं बांधणी मोजा, कारण हार्मोन धरू शकणारे किती हे त्यातूनच कळतं. हार्मोन देण्याआधी एकदा आणि एमआरएनए काढता त्या वेळी पुन्हा मोजा.

मग एकच जनुक न पाहता चार पाहा: तुमचं, पीरियड-१, आणि या रिसेप्टरची नेहमीची लक्ष्य जनुकं एफकेबीपी५ आणि गिल्झ. चारही दुसऱ्या सेल लाइनमध्ये मंद असतील, तर रिसेप्टर कमी पडतोय. अशा वेळी तो वाढवा, पण डॉक्सिसायक्लिन या औषधाच्या डोसनं हळूहळू चढवता येईल अशा रचनेतून, पहिल्या सेल लाइनच्या पातळीपर्यंत आणि त्यापुढे नाही. पीरियड-१ व्यवस्थित चढतंय आणि बाकीची तिन्ही मंद आहेत, तरीही संशय रिसेप्टरच्या संख्येवरच, कारण थोडक्यात भागवणारं तेवढं एकच आहे. आणि पीरियड-१, एफकेबीपी५, गिल्झ ही तिन्ही जनुकं छान चढून फक्त तुमचंच बसून असेल, तर रिसेप्टर पुरेसा आहे. मग ट्रान्सफेक्शनचा बेत सोडा आणि हार्मोन देण्याआधी त्या जनुकाचा एन्हान्सर दोन्ही सेल लाइनमध्ये उघडा आहे का, ते आधी पाहा.